हिमोफिलिया असताना दाढ दुखायला लागली तर: आधी काय, मग काय

मला हिमोफिलिया ए आहे, मध्यम प्रकारचा. रक्त गोठवणारं फॅक्टर आठ नावाचं प्रथिन रक्तात कमी, पातळी ३ टक्के. वय ४२. सेलूच्या बाजूला गाव आहे, कापूस-सोयाबीनची शेती आहे.

२००९ साली मी एक दाढ काढून घेतली. डॉक्टरांना सांगताना ‘माझं रक्त पातळ आहे’ एवढंच सांगितलं, कारण आमच्या घरात सगळे तसंच म्हणायचे. माझ्या मामालाही तेच होतं आणि त्याच्याबद्दलही तसंच बोललं जायचं. डॉक्टरांनी बोटाला सुई टोचून बीटी-सीटी (रक्त थांबायला आणि गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी) केली, ती नॉर्मल आली, दाढ निघाली. तासाभरात रक्त थांबलं. मी घरी येऊन जेवलो, झोपलो. रात्री दोनच्या सुमारास उशी ओली लागली म्हणून जाग आली. पुढचे सहा दिवस मी कापूस चावत, रक्त थुंकत या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरलो. शेवटी फॅक्टरचं इंजेक्शन मिळालं तेव्हा हिमोग्लोबिन ६ वर आलं होतं.

गेल्या वर्षी दुसरी दाढ काढली. तीही खालचीच, तशीच किडलेली. दुसऱ्या दिवशी मी थंड ताक-भात खाल्ला आणि आठव्या दिवशी वावरात गेलो. आजार तोच, पातळीही तीच. कोणती गोष्ट आधी करायची आणि कोणती नंतर, तेवढं या वेळी मला कळलेलं होतं. ते तुम्हाला आधीच कळावं म्हणून हे लिहितोय. औषधाचा डोस मात्र तुमचे डॉक्टरच ठरवतील. इथले आकडे माझे आहेत.

१. आजाराचं नाव पूर्ण सांगा

‘रक्त पातळ आहे’ म्हटलं की दातांच्या डॉक्टरांना वाटतं, हा माणूस हृदयाची गोळी घेत असेल. म्हणून तीन गोष्टी सांगायच्या: हिमोफिलिया ए की बी, फॅक्टरची पातळी किती टक्के, आणि इनहिबिटर (दिलेल्या फॅक्टरला निकामी करणारी, शरीरानंच तयार केलेली प्रतिपिंडं) आहे की नाही. ए मध्ये फॅक्टर आठ कमी असतो, बी मध्ये नऊ. पातळी १ टक्क्याच्या खाली असेल तर तीव्र, १ ते ५ मध्यम, ५ ते ४० सौम्य. सौम्यवाल्यांनी हे जास्त नीट वाचावं. त्यांना रोजच्या जगण्यात काही त्रास होत नाही, आणि आजार आहे हे कित्येकदा पहिली दाढ काढल्यावरच कळतं.

बीटी-सीटी नॉर्मल आली म्हणून निर्धास्त होऊ नका. ब्लीडिंग टाइममध्ये प्लेटलेटचं काम तपासलं जातं, आणि आपल्या प्लेटलेट चांगल्याच असतात. त्या जखमेवर पहिलं बूच बसवतात, म्हणून पहिला तास सगळं कोरडं दिसतं. त्या बुचाला धरून ठेवणारी जाळी फॅक्टरशिवाय नीट विणली जात नाही, आणि काही तासांनी बूच सुटतं. माझ्या उशीचं तेच झालं. क्लॉटिंग टाइमही सौम्य-मध्यम आजारात नॉर्मल येऊ शकतो. खरी तपासणी म्हणजे एपीटीटी (रक्त गोठण्याची प्रयोगशाळेतली तपासणी) आणि त्यानंतर फॅक्टरची पातळी.

घरातल्या बायकांचीही पातळी एकदा तपासून घ्या. आजार आईकडून मुलाकडे येतो, पण ‘बायकांना काही होत नाही’ हे खरं नाही. माझ्या बहिणीची पातळी ३२ टक्के निघाली. तिच्या पाळीचा आणि बाळंतपणाचा त्रास इतकी वर्षं कोणी या आजाराशी जोडलाच नव्हता.

२. रक्त येतं म्हणून घासणं सोडू नका

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

लहानपणी ब्रश लावला की चूळ लाल यायची. माय म्हणायची, “नको घासू लेकरा, रगत येतंय.” तिची माया खरी होती. पण न घासल्यामुळे दातांच्या मुळाशी पांढरा चिकट थर बसायचा, तो कडक होऊन त्याचं किटण व्हायचं, किटणानं हिरड्या सुजायच्या, आणि सुजलेल्या हिरडीतून नुसतं शेंगदाणे चावले तरी रक्त यायचं. मग आणखी भीती, आणखी कमी घासणं. पंचविशीत माझ्या खालच्या पुढच्या दातांमागे किटणाची भिंत झाली होती.

हिरड्या निरोगी असतील तर हिमोफिलियातही रोज घासताना रक्त येऊ नये. येत असेल तर बहुतेक वेळा हिरडी सुजलेली आहे असं समजा. त्यावर उपाय घासणं हाच आहे. मऊ, सॉफ्ट लिहिलेला ब्रश घ्या, फ्लोराइडची पेस्ट घ्या. दात आणि हिरडी जिथे मिळतात तिथे ब्रश तिरपा धरून हलक्या हातानं छोटे छोटे गोल फिरवा. सकाळी आणि झोपताना, दोन-दोन मिनिटं. पहिले काही दिवस रक्त येईल, येऊ द्या. किटण फार नसेल तर दहा-पंधरा दिवसांत फरक दिसतो. नाही दिसला, तर किटण काढून घ्यायची वेळ झाली आहे.

किटण काढणं म्हणजे स्केलिंग. हिरडीच्या वरवरचं किटण सौम्य-मध्यम आजारात बऱ्याचदा ट्रानेक्झॅमिक ॲसिड या गुठळी टिकवणाऱ्या औषधाच्या आधारावर काढता येतं. हिरडीच्या आत खोल जायचं असेल तर फॅक्टर लागू शकतो. माझं तीन खेपांत केलं. पहिल्या खेपेला फक्त खालचे पुढचे दात, मग हिरड्या थोड्या बसू दिल्या, मग बाकीचे. एका दिवसात सगळं तोंड साफ करून घ्यायचा आग्रह तुम्ही धरू नका.

आता मिश्री आणि तंबाखूचं. आपल्याकडे घरोघरी बायका मिश्री लावतात आणि पुरुष तंबाखू मळतात. काहीजण तर सांगतात, ‘मिश्रीनं माझं रक्त थांबलं.’ तंबाखूनं हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून रक्त कमी दिसतं. आत हाड झिजत असतं ते दिसत नाही. दात हलायला लागल्यावर कळतं, आणि तेव्हा दात काढण्याशिवाय फारसं काही उरत नाही. आपल्याला तर तेच टाळायचंय. राखुंडी आणि विटकरीची भुकटीही नको, त्यांनी हिरडी खरवडते. लिंबाच्या-बाभळीच्या काडीचे फाटे हिरडीत घुसतात. वडीलधाऱ्यांना दुखवायचं नसेल तर काडी त्यांना वापरू द्या, आपण ब्रश धरा.

३. दाढ ठणकायला लागली: पहिले दोन दिवस

मेडिकलमध्ये जाऊन ‘दाढदुखीची गोळी द्या’ म्हणू नका. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक या गोळ्या प्लेटलेटचं काम बिघडवतात. आपल्याकडे फॅक्टर आधीच कमी, त्यात हे. आणि इथे फसवणूक अशी होते की आपल्याकडे डायक्लोफेनॅक किंवा ॲसिक्लोफेनॅक पॅरासिटामॉलसोबत एकाच गोळीत येतात. दुकानदार ‘पॅरासिटामॉलच आहे’ म्हणतो, आणि ते अर्धं खरं असतं. पाकिटाची मागची बाजू वाचा. नुसतं पॅरासिटामॉल चालतं. लिव्हरचा त्रास किंवा हिपॅटायटिस असेल तर तेही किती घ्यायचं ते डॉक्टरांना विचारा.

या गोष्टी करू नका:

- कमरेत किंवा दंडात, स्नायूत इंजेक्शन. आत रक्त साकळून गाठ होते. गावातल्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा, लाजू नका.
- दाढेतला किडा काढणाऱ्याकडे जाणं. रिंगणीच्या बियांच्या धुरीनं दाढेतून किडा पडत नाही. तोंड भाजतं आणि चार दिवस वाया जातात.
- ॲस्पिरिनची गोळी कुटून दाढेत दाबणं. हिरडी जळते.
- गालाची सूज सुईनं फोडणं.

दातांच्या डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचारा: दाढ वाचते का? आपल्यासाठी रूट कॅनल दाढ काढण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे, कारण जबड्यात उघडी जखम राहत नाही. साधी पोकळी भरायची असेल तर बऱ्याचदा फॅक्टरही लागत नाही. २००९ ला मला कोणी हे सांगितलं असतं तर ती दाढ कदाचित आजही तोंडात असती. ‘काढून टाका एकदाची’ असं आपण दुखण्याच्या भरात म्हणतो. दोन दिवस थांबा, पॅरासिटामॉल घ्या, आणि विचारा.

४. कागदांची पिशवी

एक प्लास्टिकची चेन असलेली पिशवी करा. तिच्यात हे ठेवा:

- निदानाचा आणि फॅक्टर पातळीचा रिपोर्ट
- इनहिबिटरचा शेवटचा रिपोर्ट. जुना असेल तर दाढ काढण्याआधी नवा करून घ्या
- फॅक्टर घेतल्याची वही: तारीख, किती युनिट, कशासाठी
- हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचे रिपोर्ट
- चालू गोळ्यांची यादी, ॲलर्जी असेल तर ती
- जबड्याचा पूर्ण एक्स-रे, म्हणजे ओपीजी
- आधार आणि युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र)
- तुमचा आजार पाहणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि फोन नंबर

सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स ठेवा. मूळ रिपोर्ट केसपेपरला लावून देऊ नका. माझा निदानाचा मूळ कागद असाच गेला आणि तपासणी परत करावी लागली.

युडीआयडी अजून काढलं नसेल तर काढा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत हिमोफिलिया आहे. अर्ज ऑनलाइन होतो, तपासणी सरकारी रुग्णालयात होते. वेळ लागतो, म्हणून दाढ दुखायची वाट पाहू नका.

५. दोन डॉक्टरांची गाठ घालून द्या

दाढ काढणारे एक आणि फॅक्टर देणारे दुसरे. या दोघांचं एकमेकांशी बोलणं झालंच पाहिजे, आणि ते घडवून आणणं बहुतेक वेळा आपल्यावरच असतं. छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय घाटी रुग्णालयाच्या आवारातच आहे, हा मराठवाड्यातल्या माणसाला मोठा फायदा. नांदेड, लातूर, अंबाजोगाईला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे आधी चौकशी करा. कुठेही जा, पण निघण्याआधी फोन करून विचारा: माझ्या प्रकारचा फॅक्टर आज शिल्लक आहे का, किती युनिट? सरकारी रुग्णालयात फॅक्टर मोफत मिळतो, पण साठा कधी असतो, कधी संपतो. मी एकदा न विचारता गेलो आणि भाड्याचे पैसे घालून रिकाम्या हातानं परतलो.

किती फॅक्टर लागेल याचा अंदाज तुम्हालाही असू द्या, म्हणजे साठा विचारता येतो. फॅक्टर आठ किलोमागे १ युनिट दिला की पातळी साधारण २ टक्क्यांनी चढते. माझं वजन ६० किलो. ३ वरून ५० टक्क्यांच्या आसपास न्यायची होती, म्हणजे ४७ टक्के चढवायची. ४७ गुणिले ६० भागिले २, म्हणजे १४१० युनिट. मला १५०० दिले. फॅक्टर नऊचा हिशोब वेगळा असतो: किलोमागे १ युनिटला साधारण १ टक्का, म्हणजे जवळजवळ दुप्पट युनिट.

इनहिबिटर असेल तर नेहमीचा फॅक्टर लागू पडत नाही, दुसरी औषधं लागतात. अशांनी मोठ्या केंद्राशिवाय दाढेला हातच लावू देऊ नये. एमिसिझुमॅब (फॅक्टर आठचं काम करणारं इंजेक्शन) चालू असेल तर तेही सांगा. त्यात एपीटीटी नॉर्मल दिसतो आणि रिपोर्ट पाहणाऱ्याचा गैरसमज होतो. सौम्य हिमोफिलिया ए मध्ये डेस्मोप्रेसिन या औषधावरही कधी भागतं, विचारून पाहा.

दातांच्या डॉक्टरांशी भुलेच्या इंजेक्शनबद्दल आधीच बोला. हिरडीत, दाताच्या बाजूला दिलेली भूल सहसा चालते. खालच्या जबड्याच्या मागे, घशाच्या जवळ खोल जाऊन अख्खी नस बधिर करतात ते इंजेक्शन मात्र फॅक्टर चढल्याशिवाय घ्यायचं नाही. तिथे आत रक्त साकळलं तर सूज श्वासनलिकेपर्यंत जाऊ शकते. जिभेच्या बाजूनं दिलेल्या इंजेक्शनचंही तेच.

आणखी तीन गोष्टी ठरवून घ्या. टाके घालणार का, आणि ते विरघळणारे असतील का? खड्ड्यात रक्त धरणारा स्पंज किंवा जाळी ठेवणार का? आणि फॅक्टर घेतोच आहोत तर त्याच दिवशी त्या बाजूचं खोल किटण किंवा दुसरी खराब दाढ होईल का? फॅक्टर मिळवणं इतकं जिकिरीचं आहे की एका खेपेत जेवढं सुरक्षितपणे होईल तेवढं करून घ्यावं.

६. जायचा दिवस

सोमवार किंवा मंगळवार, आणि सकाळची वेळ. शुक्रवारी दाढ काढली आणि रविवारी रक्त आलं तर फॅक्टरची चावी ज्यांच्याकडे असते ते सुट्टीवर असतात.

रेल्वेत तीव्र आणि मध्यम हिमोफिलियाच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना सोबतच्या एका माणसासह तिकिटात ७५ टक्के सवलत आहे. त्याचा ठरलेला फॉर्म डॉक्टरांकडून भरून घ्यावा लागतो. एसटीच्या सवलतीची चौकशी आगारात करा. सोबत कोणीतरी न्याच. मी सेलूहून सकाळच्या गाडीनं धाकट्या भावाला घेऊन गेलो आणि रात्री रुग्णालयाजवळच मुक्काम केला. त्याच दिवशी परतीची गाडी धरू नका.

फॅक्टर तुम्ही स्वतः नेणार असाल तर बाटल्या २ ते ८ अंशांत राहायला हव्यात. मे महिन्यात आपल्याकडे एसटीच्या खिडकीशी ठेवलेल्या पिशवीत त्या टिकत नाहीत. रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये बर्फ घाला, पण बाटली कापडात गुंडाळा, बर्फाला टेकू देऊ नका. फॅक्टर गोठला तर तो गेला.

सगळ्यात मोठी चूक वेळेची होते. फॅक्टर आठ रक्तात ८ ते १२ तासांत निम्म्यावर येतो. माझ्या ओळखीच्या एकाला सकाळी नऊला फॅक्टर दिला आणि दातांच्या रांगेत नंबर आला दुपारी दोनला. म्हणून आधी दातांच्या विभागात नंबर पक्का करा, खुर्ची मिळणार हे कळलं की मग फॅक्टर घ्या. तासाभराच्या आत दाढेला हात लागला पाहिजे. हे सांगताना भावाचा आवाज थोडा चढला होता. चढू द्या, नंतर माफी मागता येते.

जेवून जा. भूल जागेपुरतीच असते.

७. पुढचे सात दिवस

आपल्या लाळेतच रक्ताची गुठळी विरघळवणारा गुण असतो, म्हणून तोंडातली जखम गुडघ्याच्या जखमेपेक्षा जास्त दगा देते. त्यावर ट्रानेक्झॅमिक ॲसिड. माझ्या गोळ्या दाढ काढण्याआधीच सुरू केल्या आणि पुढे सात दिवस चालल्या. त्याशिवाय ५०० मिलिग्रॅमची एक गोळी कुटून १० मिलिलिटर पाण्यात विरघळवायची, ते पाणी दिवसातून चार वेळा दोन मिनिटं तोंडात धरायचं. हे डॉक्टरांनी सांगितलं तरच, आणि पहिल्या दिवशी खळखळायचं नाही, नुसतं धरून ठेवायचं. लघवीतून रक्त जात असेल, किडनीचा त्रास असेल किंवा पूर्वी कुठे रक्ताची गाठ अडकली असेल तर हे औषध सुरू करण्याआधी तसं सांगणं फार गरजेचं आहे.

पहिले २४ तास चूळ नाही, थुंकणं नाही, गरम चहा नाही. नळीनं काही ओढायचं नाही, त्या ओढीनं गुठळी सुटते. तंबाखू-मिश्री नाही. खायला थंड ताक-भात, गार केलेली मऊ खिचडी, ज्वारीच्या कण्यांची आंबील, केळी. कडक भाकरी, ठेचा, फुटाणे, शेंगदाणे आठवडाभर लांब ठेवा. दोन उशा घेऊन डोकं उंच ठेवून झोपा. जखमेची जागा सोडून बाकीचे दात दुसऱ्या दिवसापासून घासायला लागा.

तिसरा ते पाचवा दिवस सांभाळा. ‘आता बरं आहे’ म्हणून लोक याच दिवसांत कामाला लागतात आणि गुठळी सुटते. रक्त आलंच तर आधी तोंडातली लोंबणारी, काळपट, जेलीसारखी गुठळी डॉक्टरांकडून काढून घ्यावी लागते. तिच्या आडून रक्त झिरपत राहतं. पोहोचेपर्यंत स्वच्छ गॉज घट्ट घडी करून जखमेवर ठेवा आणि सलग वीस मिनिटं चावून धरा. मधेमधे उचलून पाहू नका. ट्रानेक्झॅमिकच्या पाण्यात भिजवलेला गॉज असेल तर आणखी चांगलं. बाहेरून गालाला बर्फ.

८. या खुणा दिसल्या तर गाडी करा

- जिभेखाली किंवा गळ्याला सूज, आवाज बदलणं
- गिळताना त्रास, लाळ गळणं
- श्वास लागणं
- तोंड उघडेनासं होणं
- वीस-वीस मिनिटं दोनदा दाबूनही रक्त न थांबणं
- चक्कर, हातपाय गार पडणं

पहिल्या तीन खुणा दिसल्या तर सकाळ व्हायची वाट पाहायची नाही. १०८ ला फोन करा आणि पहिल्याच वाक्यात हिमोफिलिया हा शब्द सांगा. दवाखान्यात पोहोचल्यावर तपासण्या आणि स्कॅन नंतर, फॅक्टर आधी, हे सोबतच्या माणसाला पाठ करून ठेवायला लावा. त्या वेळी तुम्हाला बोलता येईलच असं नाही. मी हे भावाच्या मोबाइलमध्ये मराठीत आणि इंग्रजीत लिहून ठेवलंय, माझी पातळी, वजन आणि लागणारे युनिट यांसकट.

आठव्या दिवशी मी पुन्हा दाखवायला गेलो. टाके विरघळणारे होते, ओढून काढायची वेळ आली नाही. डॉक्टरांनी वहीत लिहिलं: खालची उजवी दाढ, १५०० युनिट, रक्तस्राव नाही, सहा महिन्यांनी स्केलिंग. ते पान मी आता झेरॉक्स काढून पिशवीत सगळ्यात वर ठेवतो.